सर गिल्बर्ट स्कॉट आणि जीर्णोद्धाराचे कोडे

मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि त्याच्या शेजारचा राजाबाई टॉवर यांचे नकाशे ज्याने काढले त्या माणसाने मुंबई कधीच पाहिली नाही. लंडनच्या कचेरीत त्याने कागदावर रेघा ओढल्या, ते कागद बोटीने इकडे आले आणि ओव्हल मैदानाच्या कडेला त्या रेघा दगडात उभ्या राहिल्या. टॉवरचे काम नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. नकाशे काढणारा त्याच वर्षीच्या २७ मार्चला वारला होता. त्याचे नाव सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. नवी चर्चे बांधण्यात आणि जुनी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात क्वचितच सापडेल.

पेणच्या वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांतून दर वर्षी मूर्ती समुद्रापार जातात. ज्या कारागिराने डोळ्यांची आखणी केली त्याला ती मूर्ती कोणाच्या दिवाणखान्यात बसली हे कधी दिसत नाही. काम चांगले झाले एवढेच त्याला ठाऊक असते. स्कॉटचे मुंबईशी नाते साधारण असेच होते.

तथापि इतिहास शिकवणाऱ्या माणसाने महाविद्यालयाच्या वार्षिकात एका इंग्रज वास्तुविशारदाचे चरित्र का सांगावे, असे कोणी विचारील. कारण सांगतो. माझे आजोळ रोह्याजवळच्या एका खेड्यात. तिथले ग्रामदेवतेचे देऊळ कौलारू होते. खांब सागवानी, भिंती चुन्यात बांधलेल्या. काही वर्षांपूर्वी गावाने जीर्णोद्धार काढला. मुंबईकर चाकरमान्यांनी भरघोस वर्गणी दिली. भावना खरी होती आणि पैसा कष्टाचा होता. जुने देऊळ मुळासकट निघाले आणि त्या जागी सिमेंटचा स्लॅब, रंगीत फरशा आणि स्टीलचे कठडे आले. एका खांबावर कोणा सुताराने कोरलेला पोपट होता. आम्ही मुले पालखीच्या रात्री त्याला हात लावून नमस्कार करीत असू. तो खांब कोठे गेला हे आज कोणाला सांगता येत नाही. नवे देऊळ वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पूर्वी आषाढात गाभाऱ्यात पाणी ठिबकायचे, ते आता ठिबकत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्या सुमारास मी स्कॉटविषयी वाचू लागलो, आणि हेच सारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात फार मोठ्या प्रमाणावर, आणि फार मोठ्या भांडणासह, होऊन गेल्याचे दिसले. त्या भांडणाच्या मधोमध हा माणूस उभा होता.

स्कॉटचा जन्म १३ जुलै १८११ रोजी बकिंगहॅमशायर परगण्यातल्या गॉकट या खेड्यात झाला. वडील पाद्री, आजोबाही पाद्री. आजोबा टॉमस स्कॉट यांनी बायबलवर लिहिलेले भाष्य त्या काळी घरोघर वाचले जाई. इथे थोडे आडवळण घेतो. या आजोबांची प्रवचने ऐकून ज्याचे मन धर्मकार्याकडे वळले असा जोडे शिवणारा एक तरुण पुढे बंगालमध्ये आला. तो विल्यम कॅरी. श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापून काढला. मराठी ग्रंथ छापले जाण्याच्या कथेत ज्याचे नाव पहिल्या पानावर येते तो कॅरी आणि मुंबई विद्यापीठाच्या इमारतीचा कर्ता यांना जोडणारा धागा असा एका खेड्यातल्या म्हाताऱ्या पाद्र्यापाशी सापडतो.

गॉकटचे चर्च नव्याने बांधायची वेळ आली तेव्हा स्कॉटच्या वडिलांनी स्वतःच त्याचा नकाशा काढला. मुलगा आसपासची जुनी चर्चे पाहत आणि त्यांची चित्रे काढीत हिंडत असे. वडिलांनी त्याचा कल ओळखला आणि १८२७ साली त्याला लंडनमध्ये जेम्स एडमेस्टन नावाच्या वास्तुविशारदाच्या हाताखाली ठेवले. एडमेस्टन हा भक्तिगीते लिहिणारा गृहस्थ. त्याची गीते चर्चमध्ये पुढेही गायली गेली. त्याची घरे मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. स्कॉटला तिथे हिशेब आणि बांधकामाची शिस्त कळली, पण ज्या जुन्या चर्चांनी त्याला वेड लावले होते त्यांविषयी तिथे काही मिळाले नाही.

१८३५ मध्ये वडील वारले आणि पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. आदल्याच वर्षी इंग्लंडात गरिबांविषयीचा नवा कायदा झाला होता. निराधारांना घरी मदत देण्याऐवजी त्यांना एका इमारतीत ठेवावे, काम करवून घ्यावे आणि पोटापुरते अन्न द्यावे, असा त्याचा रोख होता. अशा गरीबखान्यांची देशभर एकाएकी गरज लागली. स्कॉटने विल्यम मॉफट या भागीदाराबरोबर हे काम धरले आणि दहाएक वर्षांत सुमारे पन्नास गरीबखाने उभारले. कामे मिळवण्यात मॉफट पटाईत होता. सदस्यांच्या गाठी घेणे, निविदा भरणे, रात्रीच्या गाडीने पुढच्या गावाला जाणे, हे त्याचे आयुष्य. चार्ल्स डिकन्सने ज्या गरीबखान्यांवर कोरडे ओढले त्याच जातीच्या या इमारती. स्कॉटचे भव्य चर्च पाहताना त्याची भाकरी आधी कशावर निघाली हे विसरू नये असे मला वाटते. १८३८ मध्ये त्याने कॅरोलाइन ओल्ड्रिड हिच्याशी लग्न केले. ही भागीदारी नवऱ्याच्या गुणांना मारक आहे हे तिने ओळखले आणि तिच्याच आग्रहामुळे ती पुढे संपली.

त्याच सुमारास ऑगस्टस प्युजिन या तरुण आणि काहीशा झपाटलेल्या वास्तुविशारदाचे लेखन स्कॉटच्या हाती पडले. मध्ययुगातली गॉथिक शैली हीच खरी ख्रिस्ती शैली असे प्युजिनचे मत होते. गॉथिक म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवे. अर्धवर्तुळाकार कमानीऐवजी टोकदार कमान घेतली की छताचा भार जास्त सरळ खाली उतरतो. छताखाली दगडी फासळ्या घातल्या की तो भार ठरावीक खांबांवर येतो, आणि बाहेरून टेकू दिले की भिंतीला भार पेलण्याचे कारण उरत नाही. मग भिंतीत मोठमोठ्या खिडक्या काढून रंगीत काचा बसवता येतात. आपली हेमाडपंती देवळे दगडावर दगड रचून उभी राहतात आणि आत अंधार राखतात. गॉथिक चर्च उंच जाते आणि उजेड आत घेते. दोन्हींच्या मागे पाथरवटाचे गणित आहे आणि त्याची छिन्नीही. स्कॉट म्हणे की प्युजिनच्या लेखनाने तो झोपेतून जागा झाला. ऑक्सफर्डमध्ये सोळाव्या शतकात जिवंत जाळलेल्या तीन धर्मगुरूंचे स्मारक त्याने १८४१ ते १८४३ मध्ये बांधले आणि लंडनच्या कॅम्बरवेल भागातले सेंट जाइल्स चर्च १८४४ मध्ये पुरे केले. या दोन कामांनी त्याचे नाव झाले.

पण त्याला युरोपभर ओळख मिळाली ती जर्मनीत. मे १८४२ मध्ये हॅम्बुर्ग शहराला भयंकर आग लागली आणि त्यात सेंट निकोलाय हे जुने चर्च जळाले. नव्या चर्चसाठी १८४४ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. स्कॉटने जर्मनीचा दौरा केला, तिथली जुनी चर्चे पाहिली आणि भराभर नकाशे काढून धाडले. परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला तो गोटफ्रीड झेम्पर या थोर जर्मन वास्तुविशारदाला. त्याचा आराखडा घुमटाचा होता. स्कॉट तिसरा आला. यावर शहरात मोठा वाद माजला. शेवटी ज्यांना विचारण्यात आले त्यांत एर्न्स्ट फ्रीड्रिख त्स्विर्नर हा होता.

या त्स्विर्नरविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोलोनचे प्रचंड कॅथीड्रल १२४८ मध्ये सुरू झाले आणि सोळाव्या शतकात काम थांबले. अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी तशीच उभी राहिली. पिढ्यांमागून पिढ्या ती पाहत मोठ्या झाल्या. मूळ दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा १८१४ आणि १८१६ मध्ये दोन तुकड्यांत सापडला. सायलेशियात जन्मलेला त्स्विर्नर १८३३ पासून या कॅथीड्रलचा प्रमुख होता आणि १८४२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली बांधकाम पुन्हा सुरू झाले. दुसऱ्याने सहाशे वर्षांपूर्वी मांडलेला डाव पुरा करण्यात त्याचे आयुष्य गेले, आणि तोही पुरा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तो १८६१ मध्ये वारला, काम १८८० मध्ये संपले. हॅम्बुर्गच्या प्रकरणात त्याने आणि कोलोनचाच अभ्यासक सुल्पीत्स बोइसरे याने स्कॉटच्या गॉथिक आराखड्याची बाजू घेतली आणि तिसरा आलेला इंग्रज पहिला झाला. चर्चचा पाया १८४६ मध्ये घातला, प्रार्थना १८६३ पासून सुरू झाली आणि मनोरा १८७४ मध्ये पुरा झाला. उंची १४७ मीटर. म्हणजे राजाबाई टॉवर दीडपटीहून अधिक वाढवावा तेवढी. दोन वर्षे ती जगातली सर्वांत उंच इमारत होती.

मायदेशी मात्र काही कडव्या चर्चपंडितांनी स्कॉटवर टीका केली. इंग्लंडच्या चर्चचा माणूस लूथरपंथीयांसाठी प्रार्थनामंदिर बांधतो, हे त्यांना खपले नाही. आपल्याकडच्या पंथापंथांतल्या सोवळ्याची आठवण करून देणारा हा प्रकार आहे. पुढे जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हॅम्बुर्गवर बाँबवर्षाव केला तेव्हा वैमानिकांना खूण म्हणून उपयोगी पडला तो हाच उंच मनोरा. एका इंग्रजाने बांधलेले चर्च इंग्रजांच्याच बाँबनी पडले. मनोरा तेवढा वाचला. तो आज युद्धाचे स्मारक म्हणून उभा आहे; सभोवारच्या भिंती तुटक्याच ठेवल्या आहेत.

हॅम्बुर्गनंतर स्कॉटला कामांची ददात पडली नाही. त्याच्या नावावर आठशेहून अधिक कामे मोजली जातात. न्यूफाउंडलंडमधले कॅथीड्रल त्याचे, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचे कॅथीड्रल त्याचे (त्याची २०११ च्या भूकंपात मोठी हानी झाली), एडिंबरोचे सेंट मेरीज त्याचे, ग्लासगो विद्यापीठाची मुख्य इमारत त्याची, लंडनमधले अल्बर्ट स्मारक आणि सेंट पँक्रास स्थानकापुढचे लाल विटांचे हॉटेलही त्याचेच. कचेरीत पंचवीसच्या वर मदतनीस. स्वतः तो सतत आगगाडीत. अशी आख्यायिका आहे की एकदा तो भल्या पहाटे लंडनहून निघून कुठल्याशा स्थानकावर उतरला आणि आपण इथे कशासाठी आलो आहोत असे त्याने तारेने कचेरीला विचारले. दुसरी अशी की वाटेत एक नवे चर्च बांधले जात असलेले पाहून त्याने वास्तुविशारद कोण म्हणून चौकशी केली, तर उत्तर आले की सर गिल्बर्ट स्कॉट. या गोष्टी त्याच्या हयातीतच पसरल्या असाव्यात असे वाटते. इतक्या त्या त्याला शोभतात. एवढ्या कामात स्वतःचा हात प्रत्येक दगडाला लागणे शक्य नव्हते, हा त्यांचा मथितार्थ.

लंडनच्या परराष्ट्र कचेरीचे प्रकरण इंग्रजी ग्रंथांत पानेच्या पाने भरून असते. मी ते लवकर आटोपतो. स्कॉटला ती गॉथिक हवी होती, पंतप्रधान पामर्स्टनला गॉथिक मुळीच नको होती. दोनतीन वर्षांच्या ओढाताणीनंतर स्कॉटने माघार घेतली, इटालियन शैलीची पुस्तके विकत आणून अभ्यास केला आणि इमारत त्या शैलीत बांधून दिली. त्याच वाड्याच्या एका बाजूला इंडिया ऑफिस होते. त्याच्या आतल्या भागाची रचना मॅथ्यू डिग्बी वायट याची. आपल्या देशाचा कारभार जिथून चालला त्या घराचा चेहरा असा हट्ट सोडलेल्या स्कॉटच्या हातचा होता. काम हातचे जाऊ नये म्हणून त्याने तत्त्व सोडले अशी टीका झाली. ती मला पूर्णपणे अन्यायाची वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इंग्लंडातली जुनी चर्चे तेव्हा खरोखरच वाईट अवस्थेत होती. छपरे गळत, खांब कलत, भिंतींवर चुन्याचे थर चढलेले, मधेच कोणीतरी विटांची भिंत घालून खोली केलेली. स्कॉटला ईलीचे कॅथीड्रल १८४७ मध्ये मिळाले, १८४९ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीची देखभाल आली, आणि पुढे हेरफर्ड, लिचफील्ड, सॉल्झबरी, चेस्टर, रिपन, वुस्टर अशी एकामागून एक. त्याने काय वाचवले हे आधी सांगायला हवे. सॉल्झबरीच्या उंच मनोऱ्याला आतून लोखंडी बंध घालून बळकटी दिली गेली. १८७० मध्ये सेंट ऑल्बन्सचा मधला मनोरा कोसळण्याच्या बेतात असताना पाया भरून काढून तो सावरला गेला. वेस्टमिन्स्टरचे अष्टकोनी सभागृह कित्येक वर्षे सरकारी दप्तरखाना म्हणून वापरात होते. कपाटांमागे झाकलेले त्याचे कोरीव काम स्कॉटने बाहेर काढले. हा माणूस नसता तर यातले काही आज उभे नसते.

पण त्याच हाताने दुसरेही केले. जुने चर्च एका काळात बांधलेले नसते. बाराव्या शतकातली भिंत, चौदाव्यातली खिडकी, सोळाव्यातले छप्पर, असे ते पिढ्यापिढ्यांचे असते. त्यांतला एक काळ उत्तम ठरवायचा आणि बाकीचे काढून त्या उत्तम काळाच्या नमुन्याचे नवे बसवायचे, याला त्या वेळी पुनरुद्धार म्हणत. स्टॅफर्डच्या सेंट मेरीज चर्चमध्ये स्कॉटने उत्तरकालीन काम काढून तेराव्या शतकाच्या धर्तीचे घातले. जॉन पेटिट नावाच्या पाद्र्याने त्याला तेव्हाच विरोध केला होता. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये पूर्वेकडची चौदाव्या शतकातली खिडकी गेली आणि तिच्या जागी बाराव्या शतकात असावी अशा कल्पनेने रचलेली नवी भिंत आली. गंमत अशी की जुन्या चर्चांशी इमान राखावे, हात आखडता घ्यावा, असे सांगणारे पुस्तक १८५० मध्ये याच स्कॉटने लिहिले होते. ते त्याने ढोंगाने लिहिले असे मला वाटत नाही. कागदावर त्याला जे पटत होते ते पाद्री, देणगीदार आणि मुकादम यांच्या घाईत प्रत्यक्ष कामावर टिकत नव्हते. जीर्णोद्धार समितीवर बसलेल्या कोणालाही ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

जॉन रस्किनचे म्हणणे याहून मुळाशी जाणारे होते. जुन्या दगडावर पाथरवटाच्या हाताची खूण असते, त्याचा दिवस कसा गेला हेही त्यात उतरलेले असते. तो दगड काढून त्याची हुबेहूब नक्कल बसवली तरी ती खूण परत येत नाही, म्हणून पुनरुद्धार या नावाने जे चालते ते नाशच आहे, असे त्याने १८४९ पासून मांडले. १८७४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेने त्याला सुवर्णपदक देऊ केले. संस्थेचा अध्यक्ष तेव्हा स्कॉट होता. रस्किनने पदक नाकारले, आणि कारण म्हणून जुन्या इमारतींच्या या विध्वंसाकडेच बोट दाखवले. आजोळच्या देवळातला तो पोपट मला रस्किनचे हे म्हणणे वाचताना आठवला. नवा पोपट कोरून मिळाला असता. पेणमध्ये कसबी हातांची उणीव नाही. पण आमच्या पणजीने ज्याला हात लावला तो हा नव्हे, हे गावातल्या पोरांनाही कळले असते.

१८७७ मध्ये तर घरचाच माणूस उलटला असे म्हणावे लागेल. स्कॉटच्या कचेरीत जॉर्ज एडमंड स्ट्रीट शिकला होता. स्ट्रीटच्या कचेरीत विल्यम मॉरिस काही काळ उमेदवार होता. गुरूच्या शिष्याचा हा शिष्य. ट्यूक्सबरीच्या मठाचे काम स्कॉटकडे गेल्याचे वाचून मॉरिसने वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. छप्पर शाकारा, पन्हळ साफ ठेवा, भेग बुजवा, कलणारी भिंत टेकू देऊन सावरा, पण जुन्याला नवे रूप देऊ नका, अशी तिची शिकवण. आज जगभर वारसा वास्तूंची जी डागडुजी होते तिच्या मुळाशी हा विचार आहे. स्कॉटला हा घाव लागला. आपल्या आठवणी तो लिहीत होता, त्यांत त्याने बचावही केला आणि आपल्या हातून काही ठिकाणी जास्त झाले हे कबूलही केले. वर्षभरात तो हृदयविकाराने गेला. ज्या वेस्टमिन्स्टर ॲबीची देखभाल त्याने एकोणतीस वर्षे केली तिथेच त्याला पुरले. एडिंबरोचे कॅथीड्रल मुलाने पुरे केले. नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट याने बाविसाव्या वर्षी लिव्हरपूल कॅथीड्रलची स्पर्धा जिंकली आणि पुढे लंडनच्या रस्त्यांवरची लाल टेलिफोनची खोकी आखली. आजोबांचे नाव न ऐकलेल्या माणसालाही नातवाचे खोके ठाऊक असते.

मुंबईच्या कामाविषयी आता सांगतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत सोन्याचा धूर निघाला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचा तट पाडला आणि मोकळ्या जागेत सरकारी इमारतींची रांग उभारण्याचे ठरवले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला अजून स्वतःचे घर नव्हते. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. शेअरबाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आई राजाबाई हिच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. म्हातारीला दिसत नव्हते, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम तिला घड्याळाच्या टोल्यांवर पाळता यावा म्हणून मुलाने टॉवर बांधवला, अशी कथा सांगतात. १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि प्रेमचंद बुडाले. दिलेला शब्द मात्र बुडाला नाही.

स्कॉटने इथे काय केले? सभागृह त्याने फ्रेंच गॉथिक चर्चसारखे आखले. लांबी १०४ फूट, रुंदी ४४, उंची ६३. चर्चमध्ये जिथे वेदी असते त्या अर्धवर्तुळाकार टोकाला विद्वज्जनांची आसने आली. समोरच्या भिंतीत चाकासारखी गोल खिडकी आहे. तिच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. ग्रंथालय आणि २८० फुटी मनोरा यांना त्याने इटलीतल्या गॉथिकचा साज दिला. उघडे गोल जिने आणि कमानींचे व्हरांडे आहेत, ते आपल्या उन्हापावसाला मानवणारे. सभागृह १८७४ मध्ये पुरे झाले. आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख ज्या विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत १९१२ मध्ये पहिले आले, ते हेच विद्यापीठ.

इथे जुने काही नव्हते, म्हणून पुनरुद्धाराचा मोह नव्हता. आणि कर्ता पाच हजार मैलांवर असल्यामुळे कामावरच्या माणसांना मोकळीक मिळाली. दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा, पाथरवट इथले, देखरेख मुंबई सरकारच्या अभियंत्यांची. राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. त्यांचे नमुने सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. युरोपातल्या कॅथीड्रलवर या जागी संत आणि राजे उभे असतात. इथे पागोटी, पगड्या आणि अंगरखे घातलेली, मुंबईच्या पेठेत भेटणारी माणसे आहेत. पगडीचा पेच कसा पडतो आणि उपरणे खांद्यावरून कसे सुटते हे लंडनमध्ये बसून कोरता येण्यासारखे नव्हते. स्कॉटच्या शेकडो कामांत मला हे काम सर्वांत जिवंत वाटते ते या माणसांमुळे. इंग्लंडात पाथरवटांच्या ज्या खुणा त्याच्या हाताखाली पुसल्या गेल्या, तशाच खुणा मुंबईत त्याच्या नकळत त्याच्या इमारतीवर उमटल्या.

२०१३ ते २०१५ या काळात टॉवरची आणि ग्रंथालयाची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली. दगड आणि रंगीत काचा साफ झाल्या. २०१८ मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता पदव्या आपल्याला महाविद्यालयातच मिळतात, त्यामुळे त्या सभागृहात पाऊल टाकण्याचा योग आपल्या मुलांना सहसा येत नाही. परंतु दिवा गाडीने मुंबईला गेलात तर संध्याकाळी ओव्हलवर जा. मावळतीचे ऊन समोरून टॉवरवर पडते तेव्हा मुकुंद रामचंद्रांची माणसे नीट दिसतात. पहिल्या सज्जाच्या वरपासून बघायला सुरुवात करावी. जमल्यास दुर्बीण न्यावी.